देवाला ठाऊक होतं, मग जाब कुणी द्यायचा?

"देव सर्वज्ञ असेल, तर मी उद्या काय करणार हे त्याला आजच ठाऊक आहे. त्याचं ज्ञान खोटं ठरू शकत नाही. म्हणजे मला दुसरं काही करताच येणार नाही. मग पाप माझं कसं?" हा युक्तिवाद कुणी मांडला की पुढचा वाद कसा रंगणार हे सांगायला सर्वज्ञ असावं लागत नाही. नास्तिक म्हणतो, तुमचा सर्वज्ञ देव आणि तुमचा पापपुण्याचा हिशेब एकत्र नांदू शकत नाहीत. दोहोंपैकी एक खोटं आहे, आणि बहुधा दोन्ही. आस्तिकाला सर्वज्ञता सोडवत नाही, म्हणून तो हळूच स्वातंत्र्य सोडून देतो: सगळं त्याच्या इच्छेने चाललंय, आपण कोण करणारे? एकजण देव मोडीत काढतो, दुसरा माणूस. पण एक गोष्ट दोघांनीही न तपासता मान्य केलेली असते, की कुणाला तरी आधीपासून ठाऊक असलं म्हणजे ते घडणं भागच पडतं. सगळी गडबड तिथे आहे.

माझं म्हणणं असं, की निव्वळ पूर्वज्ञानाने कुणाचंही स्वातंत्र्य जात नाही. ज्याच्याबद्दल ठाऊक आहे त्याला ते ज्ञान बांधत नाही. ज्याला ठाऊक आहे त्याला मात्र ते चांगलंच बांधतं. शेकडो वर्षं आपण या खटल्यात माणसाला पिंजऱ्यात उभं करून "तू मोकळा होतास का?" असं विचारत आलो. त्याच खटल्यात दुसऱ्या एका पक्षकाराला "तुला ठाऊक होतं, मग तू काय केलंस?" हे विचारायचं राहून गेलं.

आधी सोपी चूक बाजूला काढू. देवाला जे ठाऊक आहे ते घडतं, याबद्दल वाद नाही; जे घडतच नाही ते ठाऊक असण्याला ज्ञान म्हणतच नाहीत. पण इथे अनिवार्य आहे तो ज्ञान आणि घटना यांचा मेळ. घटना स्वतः अनिवार्य आहे असं त्यातून निघत नाही. अविवाहित माणसाला बायको नसणार हे अनिवार्य आहे. म्हणून अमुक एका अविवाहिताला लग्न करणं अशक्यच होतं, असं कुणी म्हणेल का? मध्ययुगीन युरोपातल्या तर्कपंडितांनी ही गफलत नेमकी पकडून ठेवली होती, तरी दर पिढीत ती नव्या उत्साहाने केली जाते. आणि गंमत अशी, की हा पेच उभा करायला देवाचीही गरज नाही. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात अ‍ॅरिस्टॉटलने तो देवाला मध्ये न आणता मांडला होता. "उद्या आरमारी लढाई होईल" हे विधान आजच खरं असेल, तर उद्याची लढाई टळायची कशी? त्याने स्वतः काय उत्तर दिलं यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही, पण प्रश्नाचा धडा स्पष्ट आहे. विधान खरं असण्याने सैनिक जहाजांवर ढकलले जात नाहीत. सैनिक लढले म्हणून विधान खरं ठरतं.

पण एवढ्यावर विजय मानून उठणाऱ्या आस्तिकाला मी थांबवीन. विरोधी पक्षाकडे याहून बराच धारदार युक्तिवाद आहे. १९६५ साली नेल्सन पाइक या अमेरिकन तत्त्वज्ञाने तो अशा रीतीने मांडला, की तेव्हापासून या विषयावर लिहिणाऱ्या प्रत्येकाला त्याला ओलांडूनच पुढे जावं लागतं. समजा, जोन्स नावाचा माणूस शनिवारी अंगणातली हिरवळ कापणार आहे, आणि ऐंशी वर्षांपूर्वीच देवाची तशी खात्री होती. जोन्सला शनिवारी हिरवळ न कापण्याची खरोखर मुभा असेल, तर त्याच्या अंगी तीनपैकी एक सामर्थ्य हवं: देवाची ती समजूत चुकीची ठरवण्याचं, ती समजूत तेव्हा नव्हतीच असं करण्याचं, किंवा ती बाळगणारा तेव्हा देवच नव्हता असं करण्याचं. देव चुकत नाही, म्हणून पहिलं गेलं. झालेला काळ कुणाला बदलता येत नाही, म्हणून दुसरं आणि तिसरंही गेलं. इथे मघाची सोपी गफलत नाही. इथे भूतकाळाच्या पक्केपणाचा आधार घेतला आहे, आणि भूतकाळ पक्का असतो हे आपण सगळेच मानतो.

याला दिलेलं सर्वांत देखणं उत्तर एका कैद्याचं आहे, आणि ते जुनं आहे. बोएथियस हा रोममधला मोठा अधिकारी. राजा थिओडोरिकची त्याच्यावर राजद्रोहाच्या संशयावरून खप्पा मर्जी झाली आणि इ.स. ५२४च्या सुमारास त्याला ठार मारण्यात आलं. मरणाची वाट पाहत असताना त्याने जे लिहिलं त्याच्या शेवटच्या भागात तो याच प्रश्नाशी झुंजतो. त्याचं उत्तर असं: देवाला 'पूर्व'ज्ञान नाहीच. देव काळाच्या बाहेर आहे. भूत, वर्तमान, भविष्य सगळं त्याच्यासमोर एकाच वेळी हजर आहे. एखादा माणूस चालताना तुम्हाला दिसतो, म्हणून तुमच्या पाहण्याने तो चालायला बांधला जातो का? तसंच देवाचं. ऐंशी वर्षांपूर्वी देवाची काही समजूत 'होती' हे वाक्यच मग चुकतं, आणि पाइकच्या युक्तिवादाला हात घालायला भूतकाळच उरत नाही.

उत्तर देखणं असलं तरी महाग आहे. काळाबाहेरच्या देवाला कालचं आणि उद्याचं सारखंच, मग तो आज कुणाला सावध कसा करणार? भक्ताने हाक मारल्यावर धावून येणारा देव 'आता' धावतो. बोएथियसच्या देवाला 'आता' नाही. म्हणून मला त्याच्या उत्तरातला अर्धाच भाग घ्यावासा वाटतो, तो म्हणजे पाहण्याचा. ख्रिस्ती धर्मचिंतक ऑगस्टीनने त्याआधीच म्हटलं होतं, की तुझ्या स्मरणाने झालेल्या गोष्टी घडायला भाग पडल्या नाहीत, तसंच देवाच्या पूर्वज्ञानाने होणाऱ्या गोष्टी घडायला भाग पडत नाहीत. आणि त्याच्याही आधी, तिसऱ्या शतकात, ऑरिजेन या ख्रिस्ती धर्मचिंतकाने कारणाची दिशाच उलटी करून दाखवली: देवाला ठाऊक आहे म्हणून गोष्ट घडत नाही, ती घडणार आहे म्हणून देवाला ठाऊक आहे.

भूतकाळाचं काय, मग? चौदाव्या शतकातला इंग्रज तत्त्वज्ञ ऑकमचा विल्यम इथे मदतीला येतो. भूतकाळाबद्दलची सगळी सत्यं सारखीच पक्की नसतात, असं तो म्हणतो. एक उदाहरण आपल्या इतिहासातलं घेतो. १४ नोव्हेंबर १८८९ रोजी स्वतंत्र भारताचा पहिला पंतप्रधान जन्माला आला. हे विधान १८८९बद्दल आहे, आणि खरं आहे. पण ते खरं ठरलं कशामुळे? १९४७मध्ये जे घडलं त्यामुळे. त्या दिवशी एक मूल जन्मलं ही गोष्ट कायमची पक्की झाली; ते मूल 'पहिला पंतप्रधान' होतं ही गोष्ट पुढच्या अठ्ठावन्न वर्षांतल्या असंख्य माणसांच्या निवडींवर लटकलेली होती. देवाचं माझ्याबद्दलचं ज्ञान दुसऱ्या जातीचं आहे. त्याचं टोक भूतकाळात असलं तरी वजन माझ्या उद्याच्या निर्णयावर आहे. मी वेगळं वागणार असतो, तर त्याला आधीपासून वेगळंच ठाऊक असतं. यात भूतकाळ बदलण्याची जादू नाही.

पाइकच्या बाजूचे लोक यावर म्हणतात, की समजूत ही मनातली प्रत्यक्ष गोष्ट आहे, पहिला पंतप्रधान असण्यासारखा नुसता संबंध नव्हे; ती होती म्हणजे होती. माणसाच्या मनाबद्दल हे मला पूर्ण पटतं. पण अचूक ज्ञान असलेल्या मनाची कल्पना करताना आपण मुळात असं मन कल्पिलं आहे, ज्यातली प्रत्येक समजूत वस्तुस्थितीने घडते. ते अवलंबित्व मान्य करून ते मन कल्पायचं, आणि निष्कर्ष काढताना तेवढंच विसरायचं, हे चालणार नाही.

"पण देवाला कळतं तरी कसं?" असा प्रश्न कुणी विचारला तर तो रास्त आहे. ग्रहण आधी सांगता येतं, कारण सूर्य, चंद्र, पृथ्वी नियमाने फिरतात. देवही असाच हिशेब करत असेल, तर माझी उद्याची कृती आजच्या कारणांत संपूर्ण दडलेली असली पाहिजे. फ्रेंच गणितज्ञ लाप्लासने १८१४ साली अशाच एका बुद्धीची कल्पना केली: विश्वातल्या सगळ्या कणांची आजची स्थिती आणि त्यांच्यावरची बलं तिला ठाऊक, म्हणून सगळं भविष्य ठाऊक. मान्य. पण मग माझं स्वातंत्र्य गेलं असेल तर ते कारणांच्या साखळीने गेलं, हिशेब करणाऱ्याने नव्हे. लाप्लासची ती बुद्धी उद्या नाहीशी झाली तरी साखळी तशीच राहील. १९८०च्या दशकात मेंदूचा अभ्यासक बेंजामिन लिबेट याच्या प्रयोगांत माणसाला आपला निर्णय जाणवण्याआधी मेंदूत हालचाल दिसली, तेव्हाही अशीच आरोळी उठली, की बघा, आधी कळतं, म्हणजे स्वातंत्र्य नाही. त्या प्रयोगातून काय सिद्ध होतं हा वेगळा वाद आहे. पण जे काही सिद्ध होत असेल ते मेंदूतल्या कारणांबद्दल होतं. यंत्राच्या पडद्यावर कुणी ते आधी पाहिलं याला शून्य महत्त्व.

आतापर्यंतचं सगळं मात्र एका अटीवर टिकतं: जाणणारा केवळ जाणणारा असेल तर. धर्मांचा देव नुसता पाहुणा प्रेक्षक नाही. तो निर्माता आहे, नियंता आहे. इथे आस्तिकाला जास्त सांभाळून बोलावं लागतं. गीतेचा अकरावा अध्याय पाहा. अर्जुनाला भविष्य सांगितलं जात नाही, दाखवलं जातं: भीष्म, द्रोण, कर्ण त्या विश्वरूपाच्या दाढांत शिरताहेत. पूर्वज्ञानाचं याहून थेट चित्र जगातल्या कुठल्या ग्रंथात असेल असं वाटत नाही, कारण इथे ते ज्ञान कर्त्याच्याच हाती दिलं आहे. पण त्यानंतर कृष्ण काय म्हणतो? "मला ठाऊक आहे हे मरणार" असं तो म्हणत नाही. "यांना मी आधीच मारलं आहे, तू निमित्तमात्र हो" असं म्हणतो. अर्जुनाच्या स्वातंत्र्यावर घाला येत असेल तर तो या दुसऱ्या वाक्यातून, कर्तृत्वाच्या दाव्यातून. सातव्या अध्यायात भूत, वर्तमान, भविष्य मी जाणतो असं कृष्णाने सांगितलंच होतं. ते ऐकून अर्जुनाला काही आपले हात बांधले गेल्यासारखं वाटलं नव्हतं. आणि गीता इथेच थांबत नाही. अठराव्या अध्यायात एकीकडे "तू नाही म्हणालास तरी तुझी प्रकृती तुला लढायला लावील" असा जवळजवळ धमकीवजा श्लोक आहे, आणि त्यानंतर चारच श्लोकांनी "नीट विचार कर आणि तुला वाटेल तसं कर". कुठलाही भाष्यकार या दोन वाक्यांमधून न अडखळता गेलेला नाही, आणि जो गेला असं सांगतो त्याने बहुधा एक वाक्य वाचलेलं नसतं.

म्हणजे प्रश्न सरकला. जाणण्याकडून करण्याकडे. आणि परंपरांतल्या खऱ्या लढाया तिथेच झाल्या. ब्रह्मसूत्रांत आक्षेप असा आहे, की कुणाला सुख, कुणाला दुःख देणारा ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरेल. उत्तर दिलं गेलं, की तो जीवांच्या कर्माकडे पाहून फळ देतो. शंकराचार्यांचा दृष्टांत पावसाचा: पाऊस सर्व बियाण्यांवर सारखाच पडतो, भात आणि जव वेगळे उगवतात ते बियाण्यातल्या फरकाने. मग पहिलं बीज वेगळं का, असं विचारलं तर संसार अनादी आहे, पहिलं असं बीजच नाही. मला हे उत्तर प्रश्न मागे ढकलणारं वाटतं, पण त्यात देवाला केवळ जाणण्याच्या आरोपाखाली आणलेलं नाही हे महत्त्वाचं. मध्वाचार्य याहून धीट: जीवांच्या योग्यताच मुळात भिन्न, आणि काहींच्या वाट्याला कायमचा अंधार. युरोपात ख्रिस्ती धर्मसुधारक कॅल्विन याच टोकाला पोचला. त्याच्या अनुयायांत आणि माणसाच्या निवडीला जागा ठेवणाऱ्या आर्मिनियसच्या अनुयायांत जुंपली तेव्हा १६१८-१९मध्ये नेदरलंड्समधल्या डोर्डरेख्त इथे धर्मसभा भरली, आर्मिनियसवाद्यांचा पराभव झाला, आणि त्या राजकीय धुमश्चक्रीत त्यांची बाजू घेणारा डच राजकारणी ओल्डनबार्नेवेल्ट याचा शिरच्छेद झाला. कायदेपंडित ग्रोशियसला किल्ल्यात डांबलं. दोन वर्षांनी तो पुस्तकांच्या पेटीत लपून निसटला. देवाने काय ठरवलं होतं यावर माणसांनी एकमेकांची डोकी उडवली, हा तपशील या वादाला निरुपद्रवी समजणाऱ्यांनी लक्षात ठेवावा.

यातला सर्वांत चतुर तोडगा लुइस दे मोलिना या जेझुइट पंथाच्या स्पॅनिश कॅथलिक धर्मगुरूचा. १५८८ साली त्याने सुचवलं, की कुठला माणूस कुठल्या परिस्थितीत स्वतःच्या मर्जीने काय करील हे देवाला सृष्टी निर्माण करण्याआधीच ठाऊक असतं, आणि ते पाहून तो हवं ते जग निवडतो. डॉमिनिकन या दुसऱ्या कॅथलिक पंथाच्या लोकांनी त्याच्यावर झोड उठवली, रोममध्ये वर्षानुवर्षं सुनावण्या झाल्या, आणि १६०७मध्ये पोप पाचव्या पॉलने निर्णय न देताच दोन्ही पक्षांना घरी पाठवलं, एकमेकांना पाखंडी म्हणायचं नाही अशा तंबीसह. मोलिनाच्या तोडग्यात माणूस मोकळा राहतो हे मला मान्य आहे. पण देवाचं काय होतं ते पाहा. येशूला पकडून देणाऱ्या यहूदा या शिष्याला त्या रात्री, त्या मंडळींत, त्या चांदीच्या नाण्यांसमोर उभं केलं तर तो दगा देईल हे ठाऊक असूनच त्याला तिथे उभं केलं. दगा यहूदाचाच. पण उभं करणं?

याच ठिकाणी सगळा वाद वळायला हवा होता, आणि वळत नाही. माणसांच्या व्यवहारात आपण ही गल्लत कधीच करत नाही. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटलं आणि सातही अंतराळवीर गेले. आदल्या रात्री रॉकेट बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी सांगितलं होतं, की एवढ्या थंडीत सांध्यांतली रबरी कडी दगा देऊ शकते, उड्डाण करू नका. चौकशीत एकानेही असं विचारलं नाही, की अभियंत्यांना आधी कळलं होतं म्हणून ती कडी फुटणं अटळ झालं का. प्रश्न होता: कुणाला ठाऊक होतं, कुणाला सांगितलं, कुणी थांबवू शकत होतं, आणि का थांबवलं नाही. पूर्वज्ञान हे जबाबदारीचं कारण असतं, तिच्यातून सुटण्याचं नव्हे, हे आपल्याला पक्कं कळतं. फक्त जाणणारा देव असला की आपली जीभ जड होते.

महाभारतकाराची जीभ जड झाली नाही. स्त्रीपर्वात युद्धभूमीवर प्रेतं पडली आहेत आणि गांधारी ती एकेक करून कृष्णाला दाखवते. मग ती वळून त्यालाच विचारते: पांडव आणि धार्तराष्ट्र एकमेकांचा द्रोह करून नष्ट होत होते, तेव्हा तू त्यांची उपेक्षा का केलीस? तू समर्थ होतास, तुझ्याकडे माणसं होती, मोठं सैन्य होतं, दोन्हीकडे तुझा शब्द चालत होता. आणि ती शाप देते, की छत्तिसाव्या वर्षी तूही आपल्या कुळाचा नाश होऊन असाच मरशील. कृष्ण किंचित हसतो आणि म्हणतो, हे मला ठाऊकच आहे, वृष्णींचा संहार माझ्याशिवाय कुणी करू शकत नाही. जे ठरलेलंच आहे तेच तू करते आहेस. बघा, पूर्वज्ञानाचा एवढा उघड उच्चार. यानंतर त्याने "म्हणून तुझाही काही दोष नाही, कुणाचाच नाही" असं म्हणायला हवं होतं, नाही का? तो नेमकं उलटं बोलतो. ऊठ गांधारी, कुरूंचा नाश तुझ्याच अपराधाने झाला. दुष्ट, मत्सरी दुर्योधनाला तू डोक्यावर घेतलंस, आता आपला दोष माझ्या माथी का मारतेस? जो सगळं जाणतो, तोच जाणण्याचा उपयोग माणसाला निर्दोष ठरवायला करत नाही. गांधारीचा दोष गांधारीचा राहतो. पण तिने विचारलेलं "का" तसंच राहतं. तिचा दोष दाखवणं हे तिच्या प्रश्नाचं उत्तर झालं का? झालं नाही, आणि महाभारतकार ते झालं असं भासवतही नाही. पुढे आश्वमेधिकपर्वात उत्तंक ऋषी कृष्णाला तेच विचारतात, तेही शाप द्यायला निघतात. तिथे कृष्ण निदान आपली बाजू मांडतो: मी शिष्टाई केली, त्यांनी ऐकलं नाही. म्हणजे जाब देणं त्याला कमीपणाचं वाटत नाही.

दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची, नाहीतर मी देवावर ढकलून मोकळा झालो असं होईल. कंसाला आकाशवाणीने सांगितलं, देवकीचा आठवा पुत्र तुला मारील. ते अटळ होतं असं धरून चालू. पण पहिली सहा अर्भकं मार, असं आकाशवाणी म्हणाली नव्हती. भविष्यात कंसाचा मृत्यू होता. बालहत्या कंसाने स्वतः निवडली. येशूने आपल्या शिष्याला, पीटरला, सांगितलं होतं, कोंबडा आरवण्याआधी तू मला तीनदा नाकारशील. त्याने नाकारलं, कोंबडा आरवला, आणि पीटर बाहेर जाऊन ढसाढसा रडला. "गुरुजी, तुम्हीच तर आधी सांगितलं होतं" हे वाक्य त्याच्या तोंडी शोभलं असतं का? त्याला भविष्य आधी कळलं होतं, आणि तरी आपण भ्यालो, आपण नाकारलं, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नाही.

मुळात "देवाला ठाऊक होतं, त्याचीच इच्छा" हे वाक्य माणसं निवडून वापरतात. स्वतःच्या चुकीला लावतात, दुसऱ्याच्या चोरीला नाही. सगळं नियतीने ठरलेलं असतं असं मानणाऱ्या ग्रीक स्टोइक पंथाच्या झेनोची गोष्ट प्रसिद्ध आहे: चोरी करताना सापडलेला गुलाम म्हणाला, चोरी माझ्या नशिबात होती. झेनो म्हणाला, आणि मार खाणंही. हे वाक्य सत्तेलाही फार आवडतं. उमय्या खलिफांच्या काळात माणूस आपल्या कृत्यांना जबाबदार आहे असं शिकवणाऱ्या घैलान अद-दिमश्कीला खलिफा हिशामच्या कारकिर्दीत देहदंड झाला. राज्य अल्लाच्या ठरवण्याने मिळालं म्हणणाऱ्याला जबाबदारीची शिकवण का खुपते हे सांगायला नको. त्याच परंपरेत खलिफा उमरचा प्रसंगही आहे. ६३९च्या सुमारास सीरियात प्लेगची साथ पसरलेली, उमर वाटेतूनच परत फिरले. त्यांचा सेनापती अबू उबैदाने विचारलं, अल्लाच्या नियतीपासून पळता? उमर म्हणाले, अल्लाच्या एका नियतीकडून दुसरीकडे जातो. उंट घेऊन तू दरीत उतरलास, एक उतार हिरवा, दुसरा ओसाड. कुठेही चारलेस तरी ते अल्लाच्या ठरवण्यानेच ना? पण शहाणा हिरव्याकडे नेतो. नियतिवादाला दिलेलं एवढं व्यवहारी उत्तर दुसरं मला ठाऊक नाही.

भक्तिमार्गी वाचक इथे म्हणतील, की तुम्ही शरणागतीला जबाबदारी टाळणं समजता. नाही समजत. आपण बोलत नाही, बोलविता धनी वेगळाच आहे, असं म्हणणारे तुकोबाच असाध्य ते सायासाने साध्य होतं, अभ्यास हेच कारण, असंही म्हणतात. पहिलं अहंकाराला दिलेलं उत्तर आहे, दुसरं आळसाला. आणि याच परंपरेत जनाबाई विठ्ठलाला 'मूळ मायेच्या कारट्या' म्हणून सरळ शिव्या घालते. देवाला जाब विचारणं नास्तिकांचा मक्ता कधी नव्हताच.

आस्तिकाचं शेवटचं आणि सर्वांत भक्कम उत्तर असं असेल: देवाने प्रत्येक वेळी हात धरला असता तर माणसाचं स्वातंत्र्य उरलं असतं का? दगा देण्याआधीच यहूदाची जीभ अडखळली, कंसाचा हात लुळा पडला, तर निवडीला अर्थच काय? हे उत्तर मी मानतो. पण ते देताना आस्तिकाने काय कबूल केलं ते त्याने पाहावं. देवाने वाईट घडू दिलं ते माणसाच्या स्वातंत्र्याची किंमत म्हणून. मग तेच वाईट घडल्यावर "त्याचीच इच्छा, माणूस काय करणार" असं त्याला म्हणता येणार नाही. ज्या स्वातंत्र्यापायी देवाने एवढं सहन केलं, ते नव्हतंच असं सांगणं म्हणजे देवाचा एकमेव बचाव आपल्याच हाताने फाडणं. आणि हा बचावही सगळ्या प्रकरणांना पुरत नाही. भूकंपात कुणाची निवड असते? सावध करणं म्हणजे हात धरणं नव्हे. पीटरला सावध केलंच होतं, त्याचं स्वातंत्र्य गेलं नाही. मग बाकीच्यांना का नाही?

काहींना यातून सुटायला देवाचं भविष्यज्ञानच कमी करणं सोपं वाटतं. चौदाव्या शतकात ज्यू तत्त्वज्ञ गेर्सोनिदेसने माणसाच्या मोकळ्या निवडींचं आगाऊ ज्ञान देवाला नसतं असं मांडलं, आणि गेल्या काही दशकांत अमेरिकेतल्या काही ख्रिस्ती धर्मचिंतकांनी तीच वाट धरली. भविष्य अजून घडलंच नाही, तर न घडलेलं न कळणं ही उणीव कशी, असं त्यांचं म्हणणं. तर्क वाईट नाही. पण त्याने सुटका होत नाही, कारण आरोपाला त्रिकालज्ञान लागतच नाही. कुरुक्षेत्र होणार हे कळायला सर्वज्ञ असण्याची गरज नव्हती. विदुराला दिसत होतं, भीष्माला दिसत होतं, द्यूतसभेत बसलेल्या कुणालाही दिसत होतं. गांधारीने कृष्णाला "तुला सगळं आधी ठाऊक होतं" असं म्हटलेलंच नाही. "तू समर्थ होतास" एवढंच ती म्हणाली, आणि भविष्याचं पान देवाच्या हातून काढून घेतलं तरी त्या वाक्यातला एक शब्दही बदलावा लागत नाही.